तिच्या पानातलं

या, असे पुढं या. मागं खांबाला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीही सरका. कथेत आणि ऐकणाऱ्यात अंतर पडलं की रस वाटेतच सांडतो. चपला बाहेर काढल्यात, तसं घरचंही घटकाभर बाहेर राहू द्या. आज मी राजाची गोष्ट सांगत नाही, राक्षसाचीही नाही. दिग्रसच्या एका पेटीवाल्याची सांगतो, आणि त्याच्या मनात काय शिजत होतं त्याची. ते गोड नाही. पण भगवंतानं कडू जिन्नसही आपल्याच हातानं केले आहेत, ऐकणाऱ्यानं ते निवडून बाजूला ठेवायचे नसतात. शेवटपर्यंत सांगीन. तुम्ही मात्र मधे उठू नका. मधेच उठलेल्या माणसाचीच ही गोष्ट आहे.

पुसदची गाडी दिग्रसच्या स्टँडवरून हलायच्या बेतात होती. वामनरावांनी पेटी सीटखाली सरकवली आणि ते खिडकीशी बसले. रत्नप्रभाबाई त्यांच्या अलीकडं. महागावला दत्तजयंतीच्या उत्सवाचं शेवटचं कीर्तन बाईंचं होतं, पेटीवर नेहमीप्रमाणं नवरा. कंडक्टर या रस्त्यावर नवा असावा. तिकिटाचं यंत्र पोटाशी धरून तो आला, त्यानं दोघांकडं एकदा पाहिलं आणि सहज म्हणाला, "काकाजी, पोरीले बसू द्या ना खिडकीजवळ. तुमी इकडून पाय लांबवा, आराम पडन." रत्नप्रभाबाई हसल्या. कीर्तनात विनोद सांगून झाल्यावर हसतात तशा, सगळ्या मंडपाला पुरेल इतक्या. "ऐकलं का, बाबा?" त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सरका." कंडक्टरला काही कळलं नाही. "पोरीचं अर्धं, काकाजी तुमचं पूर्ण," असं म्हणत त्यानं दोन तिकिटं फाडली आणि पुढं गेला.

बायांना अर्धं तिकीट हा सरकारचा नियम होता, त्यात त्या माणसाचा काही दोष नव्हता, हे वामनरावांना कळत होतं. पण ते 'पूर्ण' त्यांच्या पोटात जाऊन बसलं. खरंच की. ती अर्धी, आपण पूर्ण. नुसते पूर्ण नाही, वर काठोकाठ. त्यांनी तिरप्या नजरेनं बायकोकडं पाहिलं. गळ्याखाली दोन हाडं वर आलेली, त्या हाडांवर मंगळसूत्र खुंटीला अडकवल्यासारखं. गालांची पिशवी गेली होती, हनुवटीखालचा लोंबता भाग गेला होता, आणि त्या जागी कुणा परक्या, चलाख बाईचा चेहरा आला होता, जो त्यांना विचारल्याशिवाय घरात येऊन राहिला होता. ही ती नव्हे. जिच्याशी लग्न लागलं ती कीर्तनाला उभी राहिली की पाट करकरायचा, झांज वाजवताना दंडावरचं मांस तालात हलायचं, आणि खालच्या षड्जाला आवाज असा भरून यायचा की पेटीची लाकडी पाठ बोटांखाली थरथरे. आता खालचा षड्ज बारीक झाला होता. श्वास मात्र लांबला होता, इतका, की ती तान सोडायची तेव्हा त्यांच्या भात्यातली हवा आधी संपायची. लोक म्हणायचे, बाई काय तरुण झाल्या. लोकांना काय. लोक कीर्तनाला येतात आणि घरी जातात. उरलेली बाई पेटीवाल्याकडं राहते.

"काय पाह्यता एवढं?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"पोरीकडं पाहून राह्यलो."

"राग आला?"

"मले कायले राग येईन? सरकारनंच तुले अर्धी ठरवली."

"आज एक ऐकान का?" त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "पंगतीत माझं पान ओढू नका. तानाबाईले मी सांगते, मले थोडंच वाढा म्हणून."

"आणि तिचं मन मोडशील. बाईनं रात्रीपासून पुरण शिजवलं असन. प्रसाद आहे तो, टाकायचा नसते. तुह्या पानातलं माह्या पोटात गेलं, तर तुह्या बापाचं काय जाते?"

त्या गप्प झाल्या. ही त्यांची नवी तऱ्हा होती, ऑपरेशननंतरची. पूर्वी त्या भांडायच्या, कढईतलं तेल तापावं तशा, आणि मग दोघं मिळून जेवायचे. आता त्यांचं भांडणही जेवणासारखं झालं होतं. एक घास, आणि बस.

दीड वर्षापूर्वी नागपूरला हे झालं. दोघांना साखर एकाच साली निघाली होती. फडताळात दोघांच्या गोळ्यांचे डबे शेजारी शेजारी होते, आणि सकाळी एकमेकांना 'घेतली का' विचारणं हे त्यांच्या संसारातलं शेवटचं लाडिक बोलणं उरलं होतं. मग बाईंच्या लघवीत प्रथिन निघालं. मूत्रपिंडाची चाळणी ढिली झाली, असं डॉक्टर म्हणाले. इन्सुलिन वाढत गेलं, वजन त्याहून वाढलं, आणि नागपूरच्या मुलीनं, स्पृहानं, बापाला न विचारता शल्यचिकित्सकाची वेळ घेतली. वामनराव त्या खोलीत पेटी नसलेल्या पेटीवाल्यासारखे बसले होते, हात कुठं ठेवावे ते न कळून. डॉक्टरनं कागदावर पोट काढलं. वरचा एवढासा कप्पा वेगळा करायचा, तो खालच्या आतड्याला जोडायचा. मोठं पोट तिथंच राहील, पण अन्न त्याच्या बाहेरून जाईल. वामनरावांना तुळजापूर रोड आठवला. रस्ता चौपदरी होऊन गावाबाहेरून गेला आणि गावातल्या चहावाल्यांच्या बाकांवर धूळ बसली. कुणी पाडलं नाही त्यांना, नुसतं बाजूनं गेले. "याने मूत्रपिंडं नवी होत नाहीत," डॉक्टर म्हणत होता. "पण साखर उतरते, दाब उतरतो, ही गळती कमी होऊ शकते, आणि जे शिल्लक आहे ते जास्त वर्षं टिकू शकतं. बऱ्याच रुग्णांत असं दिसलंय. खात्री मागू नका. एवढं मात्र सांगतो, चाळणी पार फाटल्यावर आलात तर याचा उपयोग थोडा." होऊ शकते, टिकू शकतं. वामनरावांना ते 'शकतं' तोंडातल्या खड्यासारखं लागलं. कीर्तनात कुणी म्हणतं का, देव पावू शकतो? पावतो, म्हणतात. या शकण्यावर बायको टेबलावर निजली, आणि उठली ती कमी होऊनच.

आणि त्यांना सर्वांत जास्त राग याचा होता, की डॉक्टर चुकला नाही. वजन उतरायच्या आधीच इन्सुलिन सुटलं. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तिची सुई, तिचा कापूस, तिची ती इन्सुलिनची निळी डबी स्पृहानं पिशवीत बांधून टाकली. मग हळूहळू गळतीही उतरली. रिपोर्ट आला त्या सकाळी रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरात एकट्याच एक ओळ गुणगुणत उभ्या होत्या, पुन्हा पुन्हा तीच ओळ, आणि वामनराव माजघरात दाराआड उभे राहून ऐकत होते. साथ द्यायला कुणी बोलावलं नव्हतं. देवा, यात आनंद व्हायला हवा होता. तेही माणूसच होते, थोडा झालाही असेल. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी करपलं. फडताळात आता त्यांचा एकट्याचा डबा होता. आजारात दोघं मिळून बसले होते, जत्रेच्या पाळण्यात बसावं तसे. आणि ती मधेच उतरून गेली होती, खाली उभी राहून वर हात हलवत होती.

त्याच सुमारास हे पानाचं सुरू झालं. उत्सवाला गेलं की यजमान कीर्तनकाराला वाढतोच, आणि कीर्तनकारानं नाही म्हणायचं नसतं. आर्णीपासून केळापूरपर्यंत हीच रीत. पहिल्यांदा आर्णीला बाईंच्या पानात जिलब्या पडल्या तेव्हा त्या घाबरल्या. त्यांच्या त्या एवढ्याशा कप्प्यात गोड गेलं की घाम फुटायचा, छाती धडधडायची, आडवं व्हावं लागायचं. वामनरावांनी कुणाचं लक्ष नाहीसं पाहून त्या जिलब्या आपल्या पानात ओढल्या. प्रसाद वाया गेला नाही, यजमान दुखावला नाही, बायको वाचली. रत्नप्रभाबाईंनी त्यांच्याकडं इतक्या कृतज्ञतेनं पाहिलं होतं, की त्यांना ते पाहणं पुन्हा हवंसं वाटलं. पुढं ती सवय झाली. मग गावोगाव विनोद झाला, बाई जेवतात आणि बुवांचं पोट भरतं. सुरुवातीला मदत होती ती; केव्हा उलटली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते तिच्या पानातलं खायचे आणि खाताना तिच्याकडं पाहायचे. पाह्य. तू टाकलेलं, मी खाऊन राह्यलो. तुह्यं पोट मीच आहे आता. त्यात एक हिरवी, आंबट चव असायची, जी बुंदीतही लागायची आणि कढीतही.

फेस दिसला तो दिवाळीत. मोरीत लघवी केली की साबण कालवल्यासारखा फेस राहू लागला. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, कुणी कपडे धुतले असतील. मग ते मगानं पाणी मारू लागले, वरून, जोरानं, फेस फुटेपर्यंत. बायकोच्या आजारात त्यांनी हा शब्द पुरेसा ऐकला होता, त्यामुळं अर्थ शोधायला कुठं जावं लागलं नाही. "तुमचीही तपासून घ्या," असं ती म्हणायची तेव्हा ते सकाळी पिशवी घेऊन निघायचे आणि तपासणीच्या दुकानापाशी न थांबता जिनिंगकडं जायचे. तिथं फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असायच्या, सरकी वेगळी, रुई वेगळी होताना पाहत ते दगडावर बसून राहायचे, आणि घरी येऊन सांगायचे, "सगळं ठीक आहे म्हणे." ती विश्वास ठेवायची. तिनं विश्वास ठेवावा याचाही त्यांना राग यायचा. इतकी चलाख झालीस, कीर्तनात लोकांच्या मनातलं सांगतेस, मग हे काहून दिसत नाही तुले?

गाडी पुसदजवळ आली, आणि ज्या वळणावर ते नेहमी डोळे मिटायचे तिथं त्यांनी सवयीनं मिटले. त्या वळणाच्या आत थोरल्या भावाचं घर होतं. विठ्ठलराव जाऊन बरीच वर्षं झाली. साखरेनंच मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यात ठरल्या दिवशी यवतमाळला जाऊन रक्त धुऊन आणायचे आणि परत आल्यावर पलंगावर पिळलेल्या फडक्यासारखे पडायचे. त्या काळी त्यांच्यासमोर कुणी कागदावर पोट काढलं नव्हतं, आणि काढलं असतं तरी उशीर झाला होता. रक्त काढण्यासाठी डाव्या मनगटाशी धमनी आणि शीर एकत्र जोडलेली होती. ती जागा फुगून आली होती आणि बोट ठेवलं की आत भुंगा कोंडल्यासारखी गुरगुरायची. विठ्ठलराव गमत्या माणूस. वामनराव भेटीला गेले तेव्हा त्यांनी मनगट पुढं केलं. "पेटीवाले, लाव हात. सांग कोणता सूर." वामनरावांनी तीन बोटं ठेवली. कातडीखालून ती घरघर बोटांत चढली, कोपरापर्यंत आली. "काळी दोन," ते म्हणाले. "शाब्बास," विठ्ठलराव म्हणाले, आणि दोघं हसले, आणि वामनराव चहा पिऊन परत आले. त्या गुरगुरीचा सूर त्यानंतर पेटीत कधी लागला तर त्यांचं बोट त्या पट्टीवरून चटकन उचललं जायचं. रत्नप्रभाबाईंना हे ठाऊक होतं. बाकी कुणाला नाही.

पुसदला गाडी बदलून दोघं महागावला पोचले. तानाबाईंच्या घरी अंगणात पाट मांडलेला. तानाबाई म्हणजे उत्सवाच्या यजमानीण. कपाशी, सोयाबीन, तुरीची शेती एकटीनं सांभाळणारी, आवाजानं अंगण भरून टाकणारी बाई. कीर्तनकाराचे आणि पेटीवाल्याचे पाय ती दरवर्षी स्वतः धुवायची, गडीमाणसाला हात लावू द्यायची नाही. बाईंचे झाले. "हे काय जी, बाई, पाय हायत का तुरीच्या तुराट्या? काही खात जा न." मग वामनरावांनी पाय पुढं केले, आणि पुढं केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की करायला नको होते. कोमट पाणी पडलं. तानाबाईंनी घोट्यापासून वर अंगठा फिरवला, फडक्यानं टिपलं, आणि त्या थांबल्या. नडगीवर अंगठ्याची खोल खूण राहिली होती. मळलेल्या कणकेत राहावी तशी. ती भरून येईना. "वा जी वा!" तानाबाई मनापासून खूश झाल्या. "याले म्हंतात खात्यापित्या घरचे पाय. कसे भरले! पाह्य बाई, तुह्या वाट्याचं सारं यायच्याच अंगी लागलं." त्यांनी कौतुकानं आणखी एकदा अंगठा दाबला. दोन खड्डे झाले. अंगणातल्या बाया हसल्या.

वामनरावांनी वर पाहिलं. रत्नप्रभाबाई हसत नव्हत्या. त्यांची नजर त्या दोन खड्ड्यांवर होती, आणि तिथून ती वर आली, नवऱ्याच्या पापण्यांखालच्या सुजेवर थांबली, आणि तिथून कुठंतरी मागं गेली. जिनिंगच्या फाटकापर्यंत गेली असावी, असं त्यांना वाटलं. वामनरावांनी धोतर ओढून पाय झाकले.

कीर्तनात त्या चुकल्या. पूर्वरंग ठीक गेला. मधे बुक्का लावायला लोक उठले, कुणी वामनरावांच्याही कपाळाला लावला. उत्तररंगाला बाईंनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच पदात सम हुकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तबलजीनं चमकून पाहिलं. वामनरावांनी पेटीवर एक स्वर दाबून धरला, तिला जागा दाखवली, आणि दाखवताना त्यांना बरं वाटलं. सांगून टाकू का तुम्हाला कसं बरं वाटलं ते? चोराला सापडल्यावर वाटत असेल तसं, आणि ज्यानं पकडलं त्याच्या हाताला कापरं सुटलेलं पाहून वाटावं तसं. भी. आता तू भी. मी दिवाळीपासून एकटाच भिऊन राह्यलो.

दुपारी पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, वरण-भात, वांग्याची भाजी, कढी, आणि कीर्तनकारांच्या ओळीला पुरणपोळी. श्लोक झाला. तानाबाई तुपाची तांबली घेऊन स्वतः आल्या. रत्नप्रभाबाईंच्या पानात एक पोळी पडली, तिच्यावर दुसरी. "मले माहीत आहे, बाईच्या पानातलं बुवाच्या पोटात जाते. म्हणून बाईलेच डबल." ओळीत हशा झाला. तुपाची धार पडली. तानाबाई पुढं गेल्या आणि वामनरावांचा हात नेहमीच्या वाटेनं शेजारच्या पानाकडं गेला. मधे रत्नप्रभाबाईंचा डावा हात होता. पानाच्या कडेला, आडवा, बांधासारखा.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

"राहू द्या म्हणजे?"

"मी जेवते."

"रत्ना, लोकायसमोर तमाशा नको."

"तमाशा कायचा? भूक लागली." आणि त्यांनी पोळीचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला.

वामनरावांच्या मनात पहिलं आलं ते असं: खा. खाऊन पाह्यच एकदा. दीड वर्षं शहाणपण केलंस, वाटीनं मोजून, चावून चावून, डोळे मिटून. आता समजू दे, लोकांचा आग्रह काय असतो ते. त्या खात होत्या. चावत नव्हत्या पुरतं. दुसरा तुकडा, तिसरा. समोरच्या ओळीतली एक बाई ओरडली, "अवो पाह्य, बाई पुरणपोळी खाऊन राह्यल्या!" आणि सगळ्या पंगतीत आनंद पसरला, मूल पहिल्यांदा उभं राहिल्यावर घरात पसरतो तसा. तानाबाई धावत आल्या, तिसरी पोळी पडली. आता रत्नप्रभाबाईंच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब दिसत होते. कपाळावरचा बुक्का ओला होऊन ओघळला. त्यांचा एक हात कमरेशी दाबलेला होता, आणि गळ्याखालच्या त्या दोन हाडांच्या मधल्या खळग्यात काहीतरी जोरजोरात उडत होतं. वामनरावांचे डोळे तिथं खिळले. बोटांनी आपोआप लय धरली. द्रुत. त्याहून द्रुत. ही लय तबल्यावर वाजते, माणसाच्या गळ्यात नाही वाजत.

"बस कर," ते दातांतून म्हणाले.

"दीड वर्ष तुमी माझं खाल्लं," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. श्वास तुटत होता. "आता तुमचं मी खाते." आणि त्यांचा तो हाडकुळा, बांगड्या कोपरापर्यंत सरकलेला हात वामनरावांच्या पानात आला. त्यांची पोळी धरली. आपल्या पानात ओढली. अगदी ते करायचे तशीच, कुणाचं लक्ष नाहीसं पाहून.

ती जर रडली असती, तर त्यांनी तिला माफ केलं नसतं. लोकांसमोर बोलली असती, तर परतीच्या गाडीत बसलेही नसते तिच्याशेजारी. पण तो हात. आपलाच हात बाहेरून कसा दिसतो ते त्यांना पहिल्यांदा दिसलं. अधाशी नाही, प्रेमळही नाही. बुडणारा दुसऱ्याच्या मानेला धरतो, तसा.

वामनराव उठले. पंगत चालू असताना कुणी उठत नाही. एक उठला की ओळ उठली, आणि ओळ उठली की यजमानाचं वाढणं उष्टं झालं. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं. सुजलेल्या पायांवर तोल जाऊन त्यांनी भिंतीला खरकटा हात टेकला. भिंतीवर तुपाचा पंजा उमटला. वाढपी होते तिथं थांबले.

"काय कमी पडलं जी?" तानाबाईंचा आवाज एकदम कोरडा झाला.

"वाढू नका. तिले वाढू नका. मलेही नका." वामनरावांचा आवाज त्यांना अपेक्षा नव्हती इतका मोठा निघाला. पेटीवाल्याला बोलायची सवय नसते. "तिचं पोट एवढंसं आहे. ते सोंग नाही, नखरा नाही. ते केलं म्हणून तिची मूत्रपिंडं राह्यली. आणि माझे पाय काही खाऊन भरले नाहीत, तानाबाई. माह्या लघवीत फेस येते. दिवाळीपासून येते."

"बाप्पा!" कुणीतरी म्हणालं, "जेवनात?" आणि एक जण हसला, मग कुणीच हसलं नाही. वामनराव सगळ्यांकडं बघत उभे होते, आणि त्या क्षणी त्या साऱ्या भल्या माणसांचा त्यांना इतका तिटकारा आला, त्यांच्या तुपाचा, त्यांच्या 'घ्या न जी'चा, त्यांच्या न संपणाऱ्या मायेचा, की ती तांबली हिसकून अंगणात फेकावीशी वाटली. तेवढ्यात रत्नप्रभाबाई बसल्या जागी कलंडल्या.

त्यांना बायांनी उचलून आतल्या खोलीत नेलं. खोलीत कापूस भरला होता, विकायचा राहिलेला, छताला टेकेपर्यंत. त्या ढिगावरच त्यांना निजवलं. त्यांना उलटी झाली, पुन्हा झाली, मग पोटातली कळ हळूहळू सुटली. बाया बाहेर गेल्या. पांढऱ्या ढिगात रुतलेली ती लहानशी बाई डोळे मिटून पडली होती आणि वामनराव तिचं मनगट धरून बसले होते. शीर उडत होती. तीन बोटं तिच्यावर ठेवली तेव्हा ती कोणाच्या मनगटावर ठेवल्यासारखी ठेवली, ते त्यांना ठेवल्यावर कळलं.

"कोणता सूर?" रत्नप्रभाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"गप पड. मरायले बसली होतीस."

"तुमी नोते बसले?" त्या म्हणाल्या, "उद्या यवतमाळले जाऊ. तपासू."

"तपास. पण पोट कापू देणार नाही मी. आताच सांगून ठेवतो."

"ते तुमी कायले सांगता? डॉक्टर सांगन. उशीर झाला असन, तर कापणारही नाहीत."

हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. इतके दिवस ते मनातल्या मनात नाही म्हणत आले होते, मुलीला, डॉक्टरला, त्या कागदावरच्या पोटाला. आणि कुणी विचारलंच नाही तर नाही कुणाला म्हणायचं, हे कधी मनात आलं नव्हतं. खिडकीतून ऊन कापसावर पडलं होतं, डोळे दुखतील इतकं पांढरं. ते चिडलेलेच होते. बायकोचा राग गेला नव्हता, कदाचित जाणारही नव्हता. पण बोटं त्यांनी मनगटावरून काढली नाहीत.

तानाबाई आल्या. हातात पाळण्यातल्या मुलाला दूध पाजायची चांदीची वाटी, तिच्यात पातळ ताक. "एवढी पुरन का, बाई?" रत्नप्रभाबाईंनी मान हलवली. मग तानाबाई वामनरावांपुढं खाली बसल्या. अपमान झालेली यजमानीण होती ती. तिची ओळ अर्ध्यावरून उठली होती, गाव वर्षभर बोलणार होतं. तिनं त्यांचं धोतर जरा वर केलं, नडगीवर अंगठा दाबला, आणि उचलला. खड्डा भरून येण्याची वाट पाहत ती बसून राहिली. फार वेळ लागला.

"हे चांगल्याचं नाही तर, जी," ती म्हणाली.

"नाही," वामनराव म्हणाले.

कथा इथंच ठेवतो. पुढं यवतमाळला काय निघालं, उशीर झाला होता की नव्हता, हे मला विचारू नका. ते त्यांच्या देवाला ठाऊक आणि त्यांना. तुम्ही एवढंच करा. कधी पंगतीत शेजारच्या पानातलं तुमच्या पानात सरकलं, किंवा तांबली घेऊन तुम्हीच कुणापुढं 'एक घ्याच' म्हणत उभे राहिलात, तर पुसदच्या विठ्ठलरावांची आठवण ठेवा. त्यांनी भावापुढं मनगट धरलं होतं आणि सूर विचारला होता. भावानं सूर बरोबर सांगितला. विठ्ठलरावांना जे विचारायला हवं होतं, ते मात्र राहून गेलं. तुमच्यापुढं कुणी मनगट धरलं, तर विठ्ठलरावांना आठवा, आणि सूर सांगू नका. दुखतं का ते विचारा.